चित्रं दाबून बोलायचं ॲप: चार स्टार, पाचवा अपडेटने खाल्ला

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, समजतं सगळं पण शब्द फुटत नाहीत, त्यामुळे टॅबवर एएसी ॲप दिवसभर चालू असतं, म्हणजे चित्र दाबलं की टॅब बोलतो ते. नाव टाकत नाही कारण पुढे थोडं झोडपणारे.

भारी काय तर पहिल्याच पानावर बॉल, हत्ती, विमान असला पसारा नाही. पाहिजे, नको, अजून, थांब, मी, तू, काय हे समोर. आपलं रोजचं बहुतेक बोलणं अशाच दोन-चारशे शब्दांत फिरतं, थेरपिस्ट लोक याला कोअर व्होकॅब्युलरी म्हणतात. हत्ती दिवसातून किती वेळा लागणार हो? परवा पाहुण्यांसमोर बाईसाहेबांनी शांतपणे एकेक बटण दाबलं, आई, बोलू, नको. सगळे हसले आणि मी गप्प बसले, पण मनातून जाम खूश.

हात थरथरतो तिचा. सेटिंगमध्ये बोट उचलल्यावरच बटण लागेल असं ठेवता येतं, आणि एकच बटण लागोपाठ दोनदा दाबलं गेलं तर दुसरं सोडून देतं. वरून कीगार्ड बसवलं, म्हणजे प्रत्येक बटणापुरतं भोक असलेलं प्लास्टिकचं कव्हर, आणि निम्मी चिडचिड तिथेच संपली.

आता अपडेट. दिसायला मॉडर्न करायच्या नादात यांनी सगळी बटणं हलवली! अहो, टायपिंग येणारा माणूस कीबोर्डकडे बघतो का, तसंच आहे हे, जागा हाताला पाठ असते. 'संपलं' होतं तिथे 'उघड' आलं, आणि पोरगी जेवण झाल्यावर उघड उघड करत रडकुंडीला आली. जुना बॅकअप होता म्हणून वाचलो. ऑटो अपडेट बंद ठेवा, आणि मेन पानाची प्रिंट लॅमिनेट करून जवळ असू द्या, चार्जिंग संपलं म्हणून पोराचं बोलणं बंद पडायला नको.

मराठी आवाज ठीकठाक, पण मोठ्या बाईचा, आणि 'जातो'चं 'जाते' मला हाताने करत बसावं लागलं. तिला मात्र तो आवाज आवडतो, बदलू देत नाही. स्टीफन हॉकिंगनीही चांगले आवाज आल्यावर आपला जुना रोबोटी आवाजच ठेवला होता, त्यामुळे मी नाद सोडला.

ॲप दिलं की मूल बोलायचा आळस करतं म्हणणारे भेटतातच. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुने अभ्यास तपासले, त्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच. पण नुसता टॅब हातात देऊन काही होत नाही, आपण बोलताना आपणही बटणं दाबून दाखवायची, आणि तिचं वाक्य होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. हे दुसरं घरात कुणालाच जमत नाही, मला तर नाहीच 😅

घ्यायच्या आधी ट्रायलमध्ये तीन गोष्टी बघा, नेट नसताना बोलतं का, बॅकअप बाहेर काढता येतो का, आणि बाकीची बटणं जागची न हलता नको ती लपवता येतात का. तिसरं जमत नसेल तर घेऊच नका.