जुनी एटीसी २००एक्स: मूळ रूप की बदललेलं?

मिशिगनमधल्या भाच्याने होंडाची १९८५ची एटीसी २००एक्स, म्हणजे वाळूत-मातीत पळवायची तीनचाकी मोटरसायकल, घेतली आणि विचारलं, "मामा, हिला कंपनीतून निघाली तशी करू, की माझ्या मनासारखी?"

खर्च आधी. मूळ रूपात खरा खर्च इंजिनावर होत नाही. १९२ सीसीचं ते फोर-स्ट्रोक इंजिन साधं आहे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट आजही मिळतात. पैसा जातो तो जुन्या अस्सल मडगार्ड, सीट आणि स्टिकरांवर, कारण १९८८मध्ये अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली. बदल करणाऱ्याला नकली मडगार्ड चालतात, तिथे बरीच बचत होते.

टिकाऊपणात मला फरक दिसत नाही. बेअरिंग, ब्रेक, वायरिंग आणि गंजलेली फ्रेम दोन्हीकडे तितकीच नीट करावी लागते.

चालवताना मात्र फरक मोठा आहे. मागच्या एक्सलला डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे वळताना शरीराचा भार टाकावाच लागतो, नाहीतर गाडी सरळ जाते किंवा उलटते. मागचा एक्सल रुंद केला की स्थिरता वाढते. मूळ रूपाच्या हट्टापायी हे सोडणं मला पटत नाही. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी हेच करावं.

फ्रेम शाबूत आणि बहुतेक भाग अस्सल असतील, गाडी जपायची असेल, तर मूळ रूप. दर रविवारी वाळूत पळवायची असेल तर बदल. फक्त फ्रेम कापू नकोस आणि काढलेले भाग खोक्यात ठेव.