हांगझोऊची मैदानी स्पर्धा: मैदान चकाचक, पंचगिरी काठावर पास

हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या मैदानी स्पर्धा मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाहिल्या आणि त्यातले निवडक भाग नंतर रेकॉर्डिंगवर पुन्हा पाहिले. बघणारा कोण, ते आधीच सांगतो. नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला क्रीडाशिक्षक म्हणून माझी नोकरी झाली. तालुका आणि जिल्हा शालेय स्पर्धांत कधी हातात क्लॅपर (शर्यत सोडायची आवाजाची फळी), कधी टेप, कधी नुसतीच शिट्टी. त्यामुळे शर्यत सुरू झाली की माझी नजर खेळाडूच्या आधी पंचाकडे जाते. ज्यांना फक्त पदकं हवीत त्यांच्यासाठी हिशोब असा: भारताला मैदानीत 29 पदकं, त्यात 6 सुवर्ण, 14 रौप्य, 9 कांस्य. एवढ्यावर समाधान असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

स्पर्धा नावाला 2022 ची. कोरोनामुळे वर्षभर लांबली आणि मैदानीचे दिवस आले 29 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर 2023. स्टेडियम कमळाच्या आकाराचं, तिथले लोक त्याला मोठं कमळच म्हणतात, आणि बसायला सुमारे 80 हजार जागा. ट्रॅक, उजेड, फलक, सगळं एक नंबर. थाळीफेकीत मैदानात पडलेली थाळी परत आणायला चक्क यंत्रकुत्रे ठेवले होते. पाठीवर थाळी घेऊन ते टुकूटुकू चालत यायचे. आमच्याकडे हे काम आठवीची पोरं करतात आणि येताना थाळी एकमेकांच्या पायावर टाकतात. कुत्रे बरे. म्हणजे पैसा, तयारी, शिस्त, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायची जागा आहे ती माणसांनी करायच्या कामात, पण तिकडे नंतर येतो.

एकच शर्यत बघायला वेळ असेल तर 1 ऑक्टोबरची 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत, बघा. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे आमच्या शेजारचाच, म्हणून मी पक्षपाती आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या. पण ही शर्यत डोक्यानं धावलेली आहे. त्याच ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच अडकला होता, सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. त्याच्या आदल्या वर्षी युजीनला अंतिम फेरीत अकरावा. दोन्हीकडे घोळका करून धावण्यात आणि शेवटच्या फेरीच्या धडपडीत घोटाळा झाला. हांगझोऊत त्यानं घोळकाच ठेवला नाही. सुरुवातीलाच पुढं निघाला, आणि मागच्यांना कळेपर्यंत अंतर एवढं वाढलं होतं की कॅमेऱ्याला दोघांना एका चौकटीत धरता येईना.

स्टीपलचेसमध्ये 28 साधे अडथळे आणि 7 पाण्याचे. पुरुषांसाठी उंची 91.4 सेंटिमीटर. 100 मीटरच्या हर्डलसारखे हे अडथळे पडत नाहीत. पाय अडकला तर अडथळा जागेवर राहतो आणि माणूस पडतो. घोळक्यात पुढच्याच्या पाठीमुळे लाकूड उशिरा दिसतं, मग पावलं आखडतात, लय तुटते. एकट्यानं धावलं की समोर मोकळा ट्रॅक. साबळे प्रत्येक अडथळ्यावर त्याच लयीत येतोय, हे रेकॉर्डिंग हळू करून बघितलं तर नीट कळतं. वेळ 8 मिनिटे 19.50 सेकंद, स्पर्धेचा विक्रम. दुसरा आलेला जपानचा रियोमा आओकी चार सेकंदांहून जास्त मागं. तीन दिवसांनी साबळेनं 5000 मीटरमध्ये रौप्यही घेतलं.

आता पंचगिरी. 1 ऑक्टोबरलाच महिलांची 100 मीटर हर्डल्सची अंतिम फेरी होती. चीनची वू यान्नी गोळीच्या आधी उसळली. शेजारच्या लेनमधली आपली ज्योती याराजी तिच्या हालचालीनं ओढली गेली. 2010 पासून एका चुकीच्या सुरुवातीला माफी नाही, थेट बाहेर. पण नियमाच्या पोटातच हेही लिहिलेलं आहे की दुसऱ्याच्या हालचालीमुळे जो हलला त्याला सोडायचं आणि ज्यानं सुरुवात केली त्यालाच धरायचं. जिल्हा स्पर्धेतला स्टार्टरही हे एका नजरेत ठरवतो, त्याला ठरवावंच लागतं, कारण उन्हात पुढच्या सहा हीट रांगेत उभ्या असतात. इथं पडद्यावर व्हिडिओ, पाय टेकवायच्या ब्लॉकमध्ये सेन्सर, आजूबाजूला अधिकाऱ्यांचा ताफा, तरी दोघींना बाद म्हटलं, मग बराच वेळ व्हिडिओ बघत बसले, मग दोघींना धावू दिलं. ज्योती तिथं उभं राहून पंचांशी बोलत होती, ते दृश्य बघण्यासारखं आहे. आवाज चढलेला नाही, पण जागाही सोडलेली नाही. शर्यत संपली तेव्हा चीनची लिन युवेई पहिली, वू दुसरी, ज्योती 12.91 सेकंदात तिसरी. त्यानंतर वूला बाद केलं आणि ज्योतीला रौप्य मिळालं. न्याय झाला, मान्य. पण अंतिम फेरीच्या तोंडावर खेळाडूला ब्लॉकजवळ ताटकळत ठेवलं की स्नायू थंड पडतात आणि डोकं भलतीकडे जातं. त्या हरवलेल्या सेकंदांची भरपाई कोण देणार?

4 ऑक्टोबरची भालाफेक तर आणखी पुढची. नीरज चोप्राची पहिलीच फेक लांब गेली, डोळ्यालाच कळत होतं, आणि ती मोजलीच गेली नाही. यंत्रात बिघाड. नीरजनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे पुढच्या स्पर्धकानं लगेच फेक केली आणि नीरजच्या फेकीची खूण हरवली. बराच खोळंबा झाल्यावर त्याला पुन्हा फेकायला सांगितलं, ती फेक 82.38 मीटर.

टेप धरलेल्या माणसाला हे बघवत नाही. भाल्याचं टोक जिथं पहिल्यांदा टेकलं तिथं खुंटी रोवायची, टेपचं शून्य तिथं, दुसरं टोक धावपट्टीच्या शेवटी आखलेल्या कमानीवरून तिच्या मध्यबिंदूपर्यंत ताणायचं आणि कमानीच्या आतल्या कडेला आकडा वाचायचा. वाचून, मोठ्यानं बोलून, लिहून होईपर्यंत धावपट्टीवर शंकू ठेवलेला असतो. शंकू उचलल्याशिवाय पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. या शंकूला वीज लागत नाही. यंत्र बिघडू शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोजमाप झालेलं नसताना पुढच्याला सोडायचं नाही, एवढं तरी पाळायला हवं होतं. त्यात भर म्हणजे आपल्याच किशोर जेनाच्या दुसऱ्या फेकीला आधी लाल झेंडा दाखवला, म्हणजे बाद. नीरज स्वतः त्याच्यासाठी बोलायला उठला, आणि ती फेक वैध ठरली. प्रतिस्पर्धी एकमेकांसाठी भांडतायत आणि पंच झेंडे बदलतायत, असा सगळा मामला.

एवढं होऊनही स्पर्धा रंगली ती खेळाडूंमुळे. तिसऱ्या फेरीत जेनानं 86.77 टाकून नीरजला मागं सारलं. चौथ्या फेरीत नीरज 88.88, त्याच फेरीत जेना 87.54. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आपलं. तिसरा आलेला जपानचा रॉडरिक डीन 82.68 वर राहिला. नीरजचे भाले टोक खाली करून स्वच्छ उतरतात. जेनाची पळत येण्याची लय मला जास्त आवडली, हे माझं वैयक्तिक मत, वाद घालायला कुणी आलं तर तयार आहे.

3 ऑक्टोबरला पारुल चौधरीची 5000 मीटरची शर्यत शेवटच्या दोन फेऱ्यांपासून बघितली तरी पुरे. जपानची रिरिका हिरोनाका पुढं होती, जिंकल्यातच जमा. शेवटच्या सरळ पट्ट्यात पारुल आतून आली की बाहेरून हे कळायच्या आत रेषा आली. 15 मिनिटे 14.75 सेकंद, आणि आदल्याच दिवशी तिनं स्टीपलचेसचं रौप्य घेतलेलं होतं. 3 तारखेलाच अन्नू राणीनं 62.92 मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं. ती मेरठकडच्या खेड्यातली. लहानपणी शेतात उसाची कांडकी फेकून तिनं सुरुवात केली. आमच्या भागात ऊस आहे, पोरीही आहेत. भाला मात्र शाळेत एकच असतो आणि तो वाकडा असतो.

तजिंदरपाल सिंग तूरची गोळाफेक फक्त शेवटच्या फेकीसाठी बघा, 20.36 मीटर, तीच सुवर्णाची. पुरुषांची 4 गुणिले 400 मीटर रिले बघाच, 3 मिनिटे 1.58 सेकंद, बॅटन बदलताना कुठंही गडबड नाही. तेजस्विन शंकरचं डेकॅथलॉनमधलं (दहा प्रकारांची स्पर्धा) रौप्य 7666 गुणांचं, राष्ट्रीय विक्रमासह, पण दोन दिवसांची स्पर्धा तुकड्या-तुकड्यांत दाखवल्यामुळे तिची मजा येत नाही. बाकी प्राथमिक फेऱ्या सोडून दिल्या तरी काही बिघडत नाही.

माझे गुण: खेळाडूंना पाचपैकी पाच, व्यवस्थेला साडेचार, पंचगिरीला दोन. दोनातला एक गुण चूक शेवटी दुरुस्त केली म्हणून.

ज्या ॲपवर हे सगळं पाहिलं त्याचं नाव लिहीत नाही, पण पैसे भरूनही उड्यांच्या स्पर्धा अर्धवट दाखवल्या. ॲन्सी सोजननं 6.63 मीटर लांब उडी मारून रौप्य घेतलं, आणि आमच्या पडद्यावर तेव्हा गुटगुटीत बाळाची जाहिरात चालू होती. समालोचक भारताचा खेळाडू आला की ओरडायचे आणि गेला की दुसऱ्याच विषयावर गप्पा मारायचे. कुणाचा पाय बोर्डावर कुठं पडला, वारा किती होता, कुणी सांगेल तर शपथ. तेव्हा रेकॉर्डिंग बघणार असाल तर आवाज बंद करा, निकालाचा तक्ता शेजारी उघडून ठेवा, आणि स्टीपलचेसपासून सुरुवात करा. 2026 ची स्पर्धा जपानमध्ये आइची-नागोयाला आहे. तिकडे धावपट्टीवर शंकू ठेवतात का, ते मी आधी बघणार.