ॲडटूएनी: मराठी ब्लॉगला शेअर बटणे लावताना

वर्डप्रेसवरच्या मराठी ब्लॉगला शेअर बटणे लावायची असतील, तर ॲडटूएनी हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा तयार भाग, आज सर्वांत बिनघोर वाटते. ते फुकट आहे आणि खाते उघडायला लावत नाही. चिन्हे एसव्हीजी प्रकारची (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) असल्यामुळे कोणत्याही पडद्यावर रेखीव दिसतात. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक, ईमेल आणि नुसता दुवा कॉपी करणे, सगळे एका जागी मिळते. मात्र बसवले, ॲक्टिव्हेट दाबले आणि सोडून दिले, असे करू नका. मूळ सेटिंग्ज मराठी वाचकाच्या सवयींना धरून नाहीत. शिवाय शेअर बटणाचा खरा उपयोग ते जो दुवा पाठवते त्यावर ठरतो. मराठीत हा दुवा हमखास बिघडतो, म्हणून इथे प्लगइनइतकेच दुव्याबद्दलही लिहिले आहे.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत प्लगइन बसवता येत नाहीत. तिथे अंगभूत शेअर बटणांवरच भागवावे लागते. खालचे सगळे स्वतःच्या होस्टिंगवर असलेल्या वर्डप्रेसला लागू आहे.

प्लगइन बसवल्यावर 'सेटिंग्ज' मेनूत 'ॲडटूएनी' दिसते. पहिले काम सेवा निवडण्याचे. 'ॲड/रिमूव्ह सर्व्हिसेस' दाबून व्हॉट्सॲप घ्या आणि ओढून पहिल्या जागी आणा. त्यानंतर फेसबुक, टेलिग्राम, ईमेल आणि 'कॉपी लिंक' पुरेत. यादीत शंभरावर सेवा आहेत, त्यांतल्या बहुतेकांशी मराठी वाचकाचा संबंध येत नाही. उरलेल्यांसाठी अधिकचे चिन्ह असलेले सार्वत्रिक बटण शेवटी असतेच. चिन्हे फार झाली की फोनवर दुसरी ओळ सुरू होते आणि लेखाखालची जागा जाहिरातीच्या पट्टीसारखी दिसू लागते. चिन्हांचा आकार मुळात ३२ पिक्सेल असतो. तो ४० करा, अंगठ्याने दाबणाऱ्याला बरे पडते.

मग 'प्लेसमेंट'. इथे सुरुवातीला जवळजवळ सगळ्या चौकटींत खूण असते: पोस्ट, मुखपृष्ठ, संग्रह, शोधाचे निकाल, फीड (वाचन-ॲपना जाणारी लेखांची यादी), स्वतंत्र पाने. फक्त पोस्टची खूण ठेवा आणि बटणे लेखाच्या खाली येऊ द्या. मुखपृष्ठावर दहा लेखांचे उतारे असतील तर तिथे बटणांच्या दहा ओळी नकोत. फीडमध्ये तर ती निव्वळ कचरा होतात. वर बटणे ठेवण्यातही फारसे हशील नाही, कारण लेख वाचण्याआधी तो पुढे पाठवणारे थोडे. एखाद्या लेखाखाली बटणे नकोच असतील, मृत्युलेखाखाली उदाहरणार्थ, तर त्या लेखाच्या संपादकात ॲडटूएनीची चौकट असते. तिथली खूण काढली की झाले.

'फ्लोटिंग' टॅबमध्ये तरंगत्या पट्ट्या आहेत. उभी पट्टी रुंद पडद्यासाठी, आडवी पट्टी ९८० पिक्सेल किंवा त्याहून अरुंद पडद्यासाठी. आडवी बंद ठेवा. ती फोनच्या तळाशी चिकटते, मजकुराची शेवटची ओळ झाकते आणि कुकीची सूचना असेल तर तिच्यावर किंवा तिच्याखाली जाते. मोठ्या पडद्यावरची उभी पट्टी ऐच्छिक समजा.

'ॲडव्हान्स्ड' भागात एक चौकट महत्त्वाची आहे: ॲडटूएनीच्या फायली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून रोज ताज्या करण्याची. ही खूण नसेल तर प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरला बटणांची स्क्रिप्ट ॲडटूएनीच्या सर्व्हरवरून आणावी लागते. खूण केली की ती तुमच्या अपलोड फोल्डरातून येते. पण रोजचे ताजे करणे वर्डप्रेसच्या क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे करणाऱ्या यंत्रणेवर, चालते. होस्टिंगवाल्याने किंवा तुम्ही स्वतः क्रॉन बंद केला असेल तर जुनीच फाइल पडून राहते. ही चौकट वापरणार असाल तर आधी क्रॉन चालू आहे का ते 'टूल्स' खालच्या 'साइट हेल्थ'मध्ये बघून घ्या.

आता दुवा. मराठी मथळ्याची पोस्ट प्रकाशित केली की वर्डप्रेस त्याच मथळ्यापासून स्लग, म्हणजे दुव्यातला पोस्टच्या नावाचा भाग, बनवते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह अधिक दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. स्लगची मर्यादा २०० आहे, तेव्हा जेमतेम २२ चिन्हे बसतात. यात मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते. 'की' म्हणजे दोन चिन्हे, 'श्श्या' म्हणजे सहा. 'कोल्हापुरी तांबड्या रश्श्याची कृती' असा साधा मथळा दिला तर स्लग 'रश्श' इथे तुटतो आणि 'कृती' कधी येतच नाही. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी दिसते. कॉपी केल्यावर किंवा शेअर केल्यावर मात्र टक्क्यांची आणि आकड्यांची दोनशे अक्षरी माळ बाहेर पडते. कुटुंबाच्या गटात असा दुवा आला की निम्मे लोक तो फसवणुकीचा समजून सोडून देतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

उपाय सोपा आहे आणि त्याला प्लगइन लागत नाही. 'सेटिंग्ज'मधल्या 'पर्मालिंक्स'मध्ये (पोस्टच्या कायम पत्त्याची रचना) 'पोस्ट नेम' निवडा. प्रत्येक पोस्ट प्रकाशित करण्यापूर्वी उजव्या बाजूला स्लगच्या जागी तीन-चार शब्द रोमन लिपीत स्वतः टाइप करा. मथळा मराठीतच राहतो, फक्त पत्ता रोमन होतो. पर्मालिंकमध्ये वर्गाचे नावही घेत असाल तर वर्गांचे स्लगही रोमन करावे लागतील, नाहीतर 'पाककृती' हा शब्द एकटाच ६३ जागा खातो. आधी प्रकाशित झालेल्या पोस्टचा स्लग बदलला तरी चालते. वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवते आणि जुन्या दुव्यावरून आलेल्याला नव्याकडे वळवते.

दुसरा भाग पूर्वदृश्याचा. दुवा चिकटवला की व्हॉट्सॲपमध्ये चित्र, मथळा आणि दोन ओळी दिसतात. ते सगळे बटण ठरवत नाही, पानातले ओपन ग्राफ टॅग, म्हणजे मथळा आणि चित्र सांगणाऱ्या लपलेल्या ओळी, ठरवतात. ॲडटूएनी हे टॅग घालत नाही. ही त्याची उणीव म्हणता येणार नाही, पण अनेकांची इथेच गल्लत होते: चित्र येत नाही म्हणून शेअर प्लगइन बदलत राहतात आणि फरक शून्य. टॅग घालण्याचे काम योस्ट, रँक मॅथ किंवा जेटपॅक या प्लगइनांपैकी एकाला द्या. एकालाच. दोघांनी घातले तर एका पानात दोन मथळे आणि दोन चित्रे होतात आणि कोणते उचलले जाईल ते सांगता येत नाही. पानाचा सोर्स उघडून 'ओजी इमेज' (og:image) टॅग शोधा. एकापेक्षा जास्त ठिकाणी वेगवेगळी चित्रे सापडली तर त्यातल्या एका प्लगइनमधला हा पर्याय बंद करा. काही थीमसुद्धा हे टॅग घालतात.

चित्र म्हणजे पोस्टची फीचर्ड इमेज. तिचे माप १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा, जेपीईजी, आणि फाइल ३०० केबीच्या आत. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की फेसबुकवर चित्र दिसते पण व्हॉट्सॲपवर नुसता मथळा येतो, याचे कारण बहुधा फाइलचे वजन हेच असते. चित्रावर अक्षरे लिहीत असाल तर ती मध्यभागी ठेवा. पूर्वदृश्य लहान चौकोनी झाले की कडा कापल्या जातात. फाइलचे नाव रोमन ठेवा, देवनागरी नावांच्या फायली होस्टिंग बदलताना हमखास हरवतात.

वर्णनासाठी संपादकातली 'एक्सर्प्ट'ची चौकट स्वतः भरा. ती रिकामी असली तर वर्णन लेखाच्या सुरुवातीच्या मजकुरावरून उचलले जाते, आणि तिथे छायाचित्राची ओळ किंवा 'भाग २' असे काही असेल तर तेच गटात झळकते. दोन पूर्ण वाक्ये पुरेत.

चित्र, मथळा सगळे ठीक असूनही पूर्वदृश्य येत नसेल तर सुरक्षा तपासा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये किंवा क्लाउडफ्लेअरमध्ये हॉटलिंक संरक्षण (तुमची चित्रे दुसऱ्या साइटवर दिसू न देणारी सोय) चालू असेल, किंवा सुरक्षा प्लगइन अनोळखी बॉट अडवत असेल, तर फेसबुक आणि व्हॉट्सॲपला चित्र मिळतच नाही. फेसबुकसाठी 'शेअरिंग डीबगर' आहे. त्यात दुवा टाकून 'स्क्रेप अगेन' दाबले की जुनी नोंद पुसली जाते. व्हॉट्सॲपला असे साधन नाही. त्यात पूर्वदृश्य पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि संदेशाबरोबर जाते, त्यामुळे एकदा गटात गेलेले चुकीचे चित्र मागाहून दुरुस्त होत नाही. म्हणून आधी स्वतःलाच संदेश पाठवून बघा. बदल केल्यावरही जुनेच चित्र येत असेल तर दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबरचे चिन्ह आणि २ जोडून पाठवा. तो नवा दुवा समजून ताजी माहिती आणली जाते.

ॲडटूएनीबद्दलच्या तक्रारी बहुतेक कॅशेच्या, म्हणजे पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रतींच्या, असतात. सेटिंग बदलली आणि पानावर काहीच बदलले नाही, तर कॅशे प्लगइनमधली साठवण रिकामी करा. बटण पहिल्यांदा दाबल्यावर काहीच होत नाही आणि दुसऱ्यांदा चालते, तर कॅशे प्लगइनमधले जावास्क्रिप्ट उशिरा चालवण्याचे सेटिंग त्याला कारण आहे. तिथल्या अपवादांच्या यादीत ॲडटूएनी घाला. काही वाचकांना बटणे दिसतच नाहीत, कारण त्यांच्या जाहिरातरोधकात समाजमाध्यमांची चिन्हे लपवणारी यादी चालू असते. त्यावर उपाय शोधू नये, ती त्यांची निवड आहे.

शेअरचे आकडे दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा. ट्विटरने हे आकडे देणे नोव्हेंबर २०१५ मध्येच थांबवले आणि व्हॉट्सॲप असे आकडे देत नाही. म्हणजे मराठी लेख जिथे सर्वांत जास्त फिरतो तिथलाच हिशेब लागत नाही, आणि लेखाखाली एकाकी शून्य उभे राहते.

जेटपॅक घ्यावे का? आकडेवारी आणि संबंधित लेखांसाठी ते आधीपासून वापरत असाल तर त्यातलीच शेअर बटणे घ्या, दुसरे प्लगइन कशाला. पण केवळ बटणांसाठी वर्डप्रेस डॉट कॉमचे खाते जोडून एवढे मोठे प्लगइन बसवणे योग्य नाही. लेख आपोआप समाजमाध्यमांवर टाकणारी जेटपॅक सोशलची सोय वेगळी आहे आणि तिच्याबद्दलच्या अपेक्षा आवरायला हव्यात. फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाइलवर आपोआप टाकणे १ ऑगस्ट २०१८ पासून बंद आहे, फक्त पेजवर चालते. फेसबुकच्या गटांसाठीची सोय मेटाने २०२४ मध्ये सर्वच बाहेरच्या साधनांसाठी काढून घेतली. ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, २०२३ मध्ये बाहेरच्या साधनांसाठीचे दर वाढल्यावर जेटपॅकमधून गेले. आणि व्हॉट्सॲपच्या गटांत लेख आपोआप टाकून देऊ म्हणणारे साधन दिसले तर लांब राहा. ते नियमांबाहेरचे असते आणि नंबर बंद होण्याचा धोका तुमचा असतो.

या जातीच्या प्लगइनांचा इतिहास विसरू नये. ओरॅकलच्या मालकीची ॲडधिस ही सेवा ३१ मे २०२३ रोजी बंद झाली आणि असंख्य संकेतस्थळांवरची बटणे एका दिवसात निकामी झाली. सोशल वॉरफेअर या नावाजलेल्या प्लगइनमध्ये जून २०२४ मध्ये हल्लेखोरांनी अधिकृत अपडेटच्या मार्गानेच घातक कोड घुसवला आणि त्यातून अनोळखी प्रशासक खाती तयार झाली. त्या काळात ते वापरात असेल तर नुसते प्लगइन काढून भागत नाही. 'यूजर्स' यादीत आपण न बनवलेला प्रशासक आहे का ते बघा, सगळे पासवर्ड बदला. वापरात नसलेले शेअर प्लगइन निष्क्रिय करून ठेवू नका, डिलीटच करा.

ज्यांना व्हॉट्सॲपचे एकच बटण हवे आहे त्यांनी ॲडटूएनीही घेऊ नये. व्हॉट्सॲपचा 'डब्ल्यूए डॉट एमई' दुवा, त्यात मजकूर म्हणून मथळा आणि पोस्टचा पत्ता, एवढ्याने काम होते. हा कोडचा तुकडा चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेली स्वतःची थीम) किंवा कोड स्निपेट्स प्लगइनमध्ये घाला. मूळ थीमच्या फंक्शन्स फाइलीत घातला तर थीम अद्ययावत होताच तो पुसला जाईल. इथे दोन गोष्टी चुकतात. वर्डप्रेस मथळ्यातल्या अवतरणचिन्हांचे आणि रेघांचे एचटीएमएल संकेत करते, ते आधी उलगडले नाहीत तर संदेशात 'अँपरसँड, हॅश, ८२१७' असे काहीतरी उमटते. ॲडटूएनी हे स्वतः निस्तरते, तुमच्या तुकड्याला ते सांगावे लागते. दुसरे, मजकूर दुव्यात घालताना पीएचपीचे साधे 'यूआरएल-एनकोड' न वापरता 'रॉ-यूआरएल-एनकोड' वापरा. साध्यात मोकळ्या जागांचे अधिकचिन्ह होते आणि मथळ्याच्या प्रत्येक शब्दामध्ये ते तसेच दिसू शकते.