घरी बिघडलेला केसांचा रंग: वरून दुसरा डबा, एका दिवसात दुरुस्ती की टप्प्याटप्प्यानं?

शनिवारी दुपारी तासगावहून एक मुलगी आली. डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. खुर्चीत बसून ओढणी सोडली, तर मुळाशी दोन बोटं तांबूस-केशरी पट्टा आणि त्याखाली कमरेच्या वरपर्यंत सगळे केस काळेच. चार दिवसांपूर्वी तिनं घरी लाइट ब्राउन रंग लावला होता. सख्ख्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर. पर्समध्ये दुसरा डबा तयारच होता.

"ताई, हा वरून लावला तर एकसारखं होईल ना?"

लग्नसराईत सांगलीतल्या विश्रामबागच्या माझ्या पार्लरमध्ये हा प्रश्न सारखा येतो. विचारणारीपुढे तीन वाटा असतात. घरीच आणखी एक रंग चढवायचा, पार्लरमध्ये एका दिवसात सगळं निस्तरायचं, किंवा आज दिसण्यापुरतं सावरून बाकीचं महिन्यांवर सोडायचं. कुठली वाट कोणाला चालते, ते इथे सांगते. माझा कल बहुतेक वेळा तिसरीकडे असतो, का ते पुढे येईलच.

केसात आधीच काय आहे

रंगानं रंग उजळत नाही. डब्यातला ब्राउन न रंगवलेल्या केसाला थोडा उजळवू शकतो, पण आधीच डाय केलेल्या केसावर तो नुसता बसतो. मुळाशी आलेला नवा केस कोरा असतो, शिवाय डोक्याची ऊब त्याला मिळते, म्हणून तिथे रंग पटकन उघडतो, म्हणजे उजळतो. आपला काळा केस उघडला की आतून आधी लालसर तपकिरी निघतो, मग लाल, केशरी, पिवळा, आणि अगदी शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. तासगावच्या मुलीची मुळं मधेच, केशरीपाशी थांबली. खालचे केस जुन्या रंगानं भरलेले, ते हललेच नाहीत.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं असतं. "मेंदी? ती तर मागच्याच्या मागच्या वर्षी लावली होती, आता कुठली!" असं बायका अगदी मनापासून सांगतात. ती मेंदी टोकाला तशीच असते. म्हणून वाटी-ब्रश हातात घेण्याआधी मी गेल्या तीन वर्षांत डोक्याला काय काय लागलं ते विचारते: मेंदी, काळी मेंदी, डाय, स्मूदनिंग, केराटिन. कोणाला चौकशी लांबल्यासारखी वाटते, पण पुढचं सगळं या उत्तरांवर ठरतं.

वाट पहिली: घरीच वरून दुसरा रंग

स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, आणि एका ठिकाणी मी स्वतः हो म्हणते. पांढरे केस झाकताना कानामागे किंवा भांगात दोन-चार जागा सुटल्या असतील, तर उरलेला तोच रंग, नवा कालवून, फक्त तेवढ्याच जागी लावा. त्यासाठी पार्लरला पैसे देऊ नका.

बाकी ठिकाणी ही वाट फसते. केस जास्त काळा झाला म्हणून वरून ब्राउन लावला, तर काळा तसाच राहतो आणि मुळं आणखी केशरी होतात. उलट बाजूचा घोटाळा असा: ब्लीच करून पिवळे झालेले केस पुन्हा तपकिरी करायचे म्हणून डब्यातला ॲश ब्राउन (राखाडी झाकेचा तपकिरी) लावला की ते हिरवट, शेवाळी दिसायला लागतात. ब्लीचनं केसातला लाल-केशरी भाग काढून टाकलेला असतो. तपकिरी रंग उभा राहायला तो पाया लागतो. पार्लरमध्ये आम्ही आधी तांबूस-सोनेरी रंग भरून घेतो आणि मगच त्यावर तपकिरी चढवतो. डब्यात ही पहिली पायरी नसते.

शिवाय प्रत्येक डब्याबरोबर डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचा पेरॉक्साइड, पुन्हा टोकांपर्यंत जातो. टोकं आधीच सगळ्यात जुनी, सगळ्यात कोरडी. तिसऱ्या डब्यानंतर आलेल्या केसांची ओली बट मी हलकेच ताणून बघते. चांगला केस थोडा ताणतो आणि मागे येतो. बिघडलेला उकडलेल्या शेवईसारखा लांबतो आणि तुटतो. तो केस मग कोणीच परत आणू शकत नाही.

वाट दुसरी: एका दिवसात पूर्ण दुरुस्ती

यात पुन्हा दोन वेगळी कामं आहेत आणि गिऱ्हाईक त्यांना एकच समजतं. एक रिमूव्हर, दुसरं ब्लीच.

रिमूव्हर डायचे केसात फुगून बसलेले कण पुन्हा बारीक करतो आणि मग ते पाण्याबरोबर वाहून जातात. केसाच्या मूळ रंगाला तो हात लावत नाही, त्यामुळे केसाला त्रास कमी. वास सडक्या अंड्याचा येतो, आणि धुवायला वेळ लागतो, खूप वेळ. कंटाळून कमी धुतलं, किंवा लगेच वरून डेव्हलपरवाला रंग लावला, तर आत राहिलेले कण पुन्हा फुगतात आणि केस परत काळे होतात. "दोन दिवसांत परत काळं झालं हो ताई," हे मी दुसरीकडून करून आलेल्या दोघींकडून ऐकलंय.

मिरजेच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच रंग लावला, तोही एकदम गडद काळा, आणि चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. आधी काही नाही, मेंदी नाही, रंग आठवडाभराचाच. अशा केसाला रिमूव्हर अगदी योग्य. मात्र रिमूव्हरनंतर निघतो तो केस तांबूस असतो, कारण डायनं लावताना आतला थोडा मूळ रंग उघडलेला असतोच. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर आरशात बघून रडूच आलं असतं. दोन आठवड्यांनी सौम्य तपकिरी छटा दिली. रिमूव्हर मेंदीवर चालत नाही, आणि निळ्या-गुलाबी फॅशन रंगांवरही नाही.

ब्लीच मूळ रंग आणि डाय दोन्ही काढतो, आणि त्याची किंमत केस देतो. थोडंच उजळवायचं असेल तर मी ब्लीच पावडर, १० किंवा २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि शाम्पू असं पातळ करून ओलसर केसांवर लावते आणि बाजूला न हलता दर दोन-तीन मिनिटांनी बट पुसून बघते. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. घरी ४० वापरून आलेले केस आणि भाजलेली टाळू मी पाहिली आहे. कुपवाडच्या एका मुलानं मित्रांच्या नादानं तसं केलं होतं. डोकं हळदीच्या पोत्यात घातल्यासारखं पिवळंधमक, आणि कानाच्या वर फोड. त्याच्या केसांना मी हात लावला नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. टाळू बरी झाल्यावर दोन महिन्यांत केस बारीक कापले, काम संपलं. केस आखूड असतील तर कात्रीइतकी चांगली आणि स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

एका दिवसाची वाट कोणी घ्यावी? केस न रंगवलेले होते, रंग एकदाच लागलाय, स्मूदनिंग झालेलं नाही, ओली बट ताणून मागे येते, आणि चार-पाच तास बसायची तयारी आहे, अशीनं. स्मूदनिंगमध्ये केसाचे आतले बंध एकदा तोडून पुन्हा जोडलेले असतात. त्यावर ब्लीच पडला की बट हातात येते. केसाचे बंध जपणारा बॉन्ड बिल्डर घातला तरी तुटलेला केस तो नवा करत नाही, नुकसान कमी करतो एवढंच.

मेंदीचं वेगळं

आपल्याकडे हा भाग सगळ्यात नाजूक, म्हणून जरा थांबून सांगते.

शुद्ध मेंदीतला रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो. तो सुटत नाही, ब्लीचला दाद देतो पण केशरीपाशी अडून राहतो. त्यात इंडिगो, म्हणजे नीळ, असेल तर ब्लीचनंतर केस हिरवट निघू शकतो. काळी मेंदी म्हणून पाकिटात मिळते तिच्यात अनेकदा पीपीडी म्हणजे डायचंच रसायन असतं, आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षारही. धातूचे क्षार असलेल्या केसावर पेरॉक्साइड पडला तर तो तापतो, धूर येतो, केस गळून पडतो. हे डोक्यावर कळण्यापेक्षा वाटीत कळलेलं बरं.

म्हणून मेंदीचं नाव निघालं की मी फणीत निघालेले केस मागते. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, २० थेंब तीव्र अमोनिया, त्यात ते केस अर्धा तास. पाणी तापलं, फेस आला, केस एकदम उजळला किंवा तुकडे पडले, तर त्या डोक्यावर ब्लीच नाही, डेव्हलपर मिसळून लावायचा रंगही नाही. ही चाचणी घरी करू नका, अमोनियाची वाफ डोळ्यांना लागते. पण पार्लरमध्ये ती मागायला लाजू नका. "गरज नाही, आम्ही रोज करतो" असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

वाट तिसरी: आज सावरणं, बाकी वाढू देणं

उजळ भाग गडद करणं सोपं, गडद भाग उजळवणं अवघड. तिसरी वाट एवढ्यावर उभी आहे. केशरी पट्टा दोन बोटांचा आणि काळे केस दोन फुटांचे, तर दोन फूट उजळवायचा हट्ट कशाला? दोन बोटं खाली आणायची.

वेळ दीड तास, १० व्हॉल्यूम, लांबीला हात नाही. खर्च दुसऱ्या वाटेपेक्षा बराच कमी, डब्यापेक्षा अर्थात जास्त. तोटा असा की मनात होता तो ब्राउन आज मिळत नाही, आणि दीड-दोन महिन्यांत तो भाग फिका होऊन केशरी पुन्हा डोकावतो. मग मुळं पुन्हा सावरायची, दर वेळी टोकं इंच-दोन इंच कापायची, आणि चेहऱ्याभोवती फॉइलमध्ये बारीक बटा थोड्या थोड्या उजळवायच्या, तेही केसाची चाचणी नीट निघाली तरच. लांब केस असतील तर वर्ष-दीड वर्ष जातं. एवढं थांबवत नसेल तर खांद्यापर्यंत कापून घ्या, निम्मा प्रश्न जमिनीवर पडतो.

पिवळ्या केसांना या काळात जांभळा शाम्पू, केशरीला निळा. तेवढ्यानं रंग जात नाही, भडकपणा निवतो. बोअरच्या जड पाण्यानं अंघोळ करणाऱ्यांच्या केसावर क्षारांचा थर असतो आणि त्यावर रंग एकसारखा बसत नाही. अशा केसांना मी आधी क्षार काढणारा शाम्पू देते. घरी नळाचं पाणी येत असेल तर केसांपुरतं ते वापरा.

रंग लावल्यावर टाळू लाल झाली असेल, पापण्या सुजल्या असतील, पाणी येत असेल, तर यातली एकही वाट आज तुमची नाही. डॉक्टर गाठा. पुढे कधी रंग लावायचा झालाच तर त्यांना विचारून, आणि ४८ तास आधी कानामागे थेंब लावून बघितल्यावरच.

तासगावच्या मुलीनं आईबरोबर दोन वर्षं काळी मेंदी लावली होती. दुसऱ्या डब्याचा आणि एका दिवसाचा, दोन्हींचा विषय तिथेच संपला. तिचे केस वाटीत अर्धा तास ठेवले. पाणी तापलं नाही, केस शाबूत राहिले. तरीही लांबीवर ब्लीच घालायला मी नाही म्हटलं. मुळांना अगदी गडद तपकिरी, त्यात थोडा ॲश, फक्त केशरी पट्ट्यावर. कानामागचा थेंब शनिवारी लावला, सोमवारी काम केलं. ती थोडी हिरमुसली, तिला ब्राउन हवा होता. लग्नातल्या अंबाड्यात मात्र पट्टा कुठे होता ते तिच्या मावशीलाही सापडलं नाही.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. मुळाशी तिचा स्वतःचा काळा केस दोन सेंटिमीटर, त्याखाली पट्टा जरा तांबूस झालेला. तेवढा सावरला, खालचे चार इंच कापले. पर्समधला तो डबा तिनं दुकानात परत दिला होता.