१ लाख ८२ हजारांची वॅगन-आर: तेरा महिने, ११,७०० किलोमीटर

गाडी कशासाठी घेतली ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, रुग्णालय धंतोलीत. पहिली पाळी मिळालेली, म्हणजे पहाटे साडेपाचला घर सोडायचं. दोन वर्षं ऑटो आणि टॅक्सीवर काढली. पाचला बुक केलेली टॅक्सी सव्वापाचला रद्द व्हायची आणि बाबा स्वेटर घालून फाटकाजवळच्या खुर्चीवर तसेच बसून राहायचे. ते काही बोलायचे नाहीत, पण मला ते पाहवत नव्हतं.

त्यामुळे 'भरवशाची गाडी' म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पहाटे चावी फिरवली की ती सुरू झाली पाहिजे आणि गुडघे न वाकणाऱ्या माणसाला सहज आत बसता आलं पाहिजे. बाकी रंग, टचस्क्रीन, अलॉय व्हील, कशाचाच विचार केला नाही.

जवळ सव्वादोन लाख होते. कर्ज काढायचं नव्हतं, सोनं मोडायचं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या भाऊंना विचारलं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी माझा हिशेब बदलला. "ताई, सव्वादोन आहेत तं सव्वादोनची गाडी पाहूच नका. पावणेदोनच्या आसपास पाहा, बाकी हातात ठेवा. जुनी गाडी पहिल्याच महिन्यात पैसे मागते." तेरा महिन्यांनंतर मी म्हणेन की मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच. तेव्हा सगळे पैसे गाडीतच घातले असते तर टायर झिजलेले आणि बॅटरी मरायला टेकलेली अशी गाडी घेऊन नोव्हेंबरची थंडी काढावी लागली असती.

दोन महिन्यांत सात गाड्या पाहिल्या. भाऊ एका गाडीचे पाचशे रुपये घ्यायचे आणि त्यांची अट एकच होती: गाडी सकाळी पाहायची, इंजिन थंड असताना. "मालकाला सांगून ठेवा, आम्ही यायच्या आधी सुरू करू नको म्हणा. बोनेट गरम लागलं तं समजा, काहीतरी लपवून राहिला." गरम इंजिन कसंही सुरू होतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू होताना जो आवाज आणि धूर काढते, तो खरा. निळसर धूर आला की इंजिन ऑइल जाळतंय. काळा आला की पेट्रोल जास्त जातंय. हिवाळ्यात पांढरी वाफ थोडा वेळ आली तर घाबरायचं कारण नाही, पण इंजिन तापल्यावरही येत राहिली तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आत जातंय का, ते पाहायचं. मग गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून धूर भकाभका वर आला तर त्याला हे लोक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशी गाडी तिथेच सोडायची, भाव कितीही उतरला तरी.

पहिली गाडी एका डीलरच्या आवारातली. मीटरवर ४१ हजार किलोमीटर, आणि पॉलिश अशी की चेहरा दिसावा. भाऊ आत बसले आणि त्यांनी मीटरकडे न पाहता पायाखाली पाहिलं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत झालं होतं, ड्रायव्हरची सीट उजवीकडून बसली होती, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले होते. ४१ हजारांत इतकी झीज होत नाही. सर्व्हिसची कागदं मागितली तर "आधीच्या मालकाकडे राहिली" असं उत्तर आलं. तिथून निघालो.

तिसऱ्या गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नागपुरात जुनी गाडी पाहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि अंबाझरी लेआउटपासून मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या गाड्यांचं पुढे काय झालं असेल? काही भंगारात गेल्या असतील, पण काही धुऊन, पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या असणारच. आम्हाला दाखवलेली गाडी बाजारभावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त होती आणि दार उघडताच गोडसर अत्तराचा भपकारा आला. भाऊंनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. नेहमी गुंडाळलेला राहणारा जो भाग असतो, त्यावर मातकट रेघ होती. सीटखालच्या पट्ट्यांना गंज. डिकीतलं स्टेपनी काढलं तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. मालक "पावसात काच उघडी राहिली होती" म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पण घरी येताना अंगावर काटा आला. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग आज ना उद्या दगा देतं, आणि तो कुठल्या पहाटे देईल हे कुणीच सांगू शकत नाही.

दिल्लीची डिझेल गाडीसुद्धा पाहिली. तिकडे तेव्हा दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, त्यामुळे त्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या जायच्या. किंमत ऐकून मन चळतं. पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, हे धरलं की स्वस्ताई विरते. शिवाय दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेलची गरजच नाही.

शेवटी त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त काकांची गाडी मिळाली. वॅगन-आर व्हीएक्सआय, मार्च २०१३ ची, पहिलाच मालक, ६८,४०० किलोमीटर. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन असते, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. शहरातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने हे इंजिन डोळे मिटून उघडलेलं असतं. पार्टही सगळीकडे मिळतात, आणि तंग बजेटमध्ये हा फार मोठा गुण आहे. बाबांसाठी तर हीच हवी होती. ती उंच बांध्याची आहे, सीट जमिनीपासून वर आहे, त्यामुळे खाली वाकून शिरावं लागत नाही. सरळ टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. काकांच्या अंगणात बाबांना दोनदा बसवून-उतरवून पाहिलं आणि मगच किमतीचा विषय काढला.

दिसायला गाडी अजिबात सुंदर नव्हती. मागच्या बंपरला ओरखडे, डाव्या दाराला पोचा, टपावरचा रंग उन्हाने फिका झालेला. टायर २०१८ चे निघाले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. पण सांगाडा धड होता. दारांची रबरी बीडिंग ओढून पाहिली तर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके जसेच्या तसे होते, बोनेटच्या बोल्टांना पाना लागलेला नव्हता आणि सगळ्या काचांवरची खूण एकाच काळातली होती. काकांकडे एक निळी फाइल होती आणि तिच्यात अकरा वर्षांची एकूण एक बिलं. मला गाडीपेक्षाही ती फाइल पाहून विश्वास वाटला. ते २ लाख १० हजार म्हणत होते. टायर, बॅटरी, एसी यांचा खर्च कागदावर मांडून दाखवला, तेव्हा १ लाख ८२ हजारांना तयार झाले.

कागदपत्रांत एक अडचण आली. काकांनी कर्ज २०१७ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ते पत्र मिळायला तीन आठवडे गेले. भाऊंच्या सांगण्यावरून मी २० हजार रुपये रोखून ठेवले होते, काकांनीही ते समजून घेतलं. पैसे पूर्ण देऊन टाकल्यावर अशी कामं रेंगाळतात. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ई-चलान बाकी आहे का ते गाडीच्या नंबरवरून तपासणं (दोन निघाले, काकांनी भरले), हे सगळं गाडी ताब्यात घेण्याआधी केलं. विम्याचं मात्र मला माहीत नव्हतं: विमा नवीन मालकाच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे हप्त्यातला फरक मला भरावा लागला.

पहिल्या महिन्याचा खर्च: चार टायर १४,८००, ऑइल-फिल्टर-कूलंट ३,९००, ब्रेक पॅड १,४५०, बॅटरी ४,२००, एसीचं काम ३,६००, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ५,६००. एकूण ३३,५५०. नावावर करणं आणि विमा मिळून आणखी ८,२००. म्हणजे सगळं धरून २ लाख २३ हजार ७५०. भाऊंचा अंदाज किती नेमका होता पाहा.

त्यानंतरचे तेरा महिने. आज मीटर ८०,१०० आहे. डायलिसिसच्या दिवसांखेरीज मी हिंगण्याच्या शाळेत रोज हीच गाडी नेते. आणि ज्यासाठी घेतली ते लिहिते: एकाही पहाटे ती सुरू व्हायला नाही म्हणाली नाही. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यातही नाही.

खर्च झालाच नाही असं नाही. ७६ हजारांवर क्लच प्लेट बदलली, ७,२००. काकांच्या फाइलमध्ये क्लचचं बिल नव्हतं, तेव्हा तो निघणार हे गृहीत धरलं होतं. मे महिन्यात उन्हाने परीक्षा घेतली. पारा ४५ च्या वर, आणि सीताबर्डीच्या सिग्नलवर उभी राहिली की एसीतून कोमट हवा येऊ लागायची, गाडी चालू लागली की परत गार. मी दोन दिवस दुर्लक्ष केलं, तिसऱ्या दिवशी भाऊंकडे नेली. रेडिएटरच्या पंख्याची मोटर मंदावली होती. चालत्या गाडीला वारा मिळतो म्हणून तेव्हा कळत नाही. २,९०० रुपयांत काम झालं. आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर इंजिन तापून गॅस्केटचा खर्च आला असता. विदर्भात जुनी गाडी घेणाऱ्याने उन्हाळ्याच्या आधी पंखा, कूलंट आणि नळ्या पाहून घ्याव्याच.

मायलेज मी टाकी पूर्ण भरून मोजते. शहरात एसी लावून १४ ते १५, रामटेकला किंवा वर्ध्याला गेलो की १९. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इतक्या जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. म्हणून सर्व्हिसच्या वेळी इंधनाच्या रबरी नळ्या तपासायला सांगते. एक नळी कडक झालेली निघाली, ती बदलली. २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेटही लावून घेतली, ७४५ रुपये अधिक जीएसटी.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नवीन गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, माझी गाडी त्याच्या सहा वर्षं आधीची. माझ्या पैशांत मी भरवसा आणि उंच सीट मिळवली, सुरक्षा मिळवू शकले नाही. म्हणून ८० च्या वर मी ती नेत नाही, पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते आणि समृद्धी महामार्गावर तर घातलेलीच नाही. ज्यांना लांबचा प्रवास नेहमीचा आहे, त्यांनी पैसे थोडे आणखी साठवावेत आणि २०१९ नंतरचीच गाडी पाहावी, असं मी अगदी मनापासून सांगते. शाळेतल्या एका सरांना मी हेच सांगितलं. त्यांचं दर पंधरा दिवसांनी चंद्रपूरला जाणं असतं.

मार्च २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. तेव्हा फिटनेस तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल, आणि त्याचे वेगळे पैसे लागतील. घेताना ही तारीख आरसीवर पाहूनच घेतली होती. दर महिन्याला दीड हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे टाकते, त्यातूनच क्लच झाला, पंखा झाला. डाव्या दाराचा पोचा अजून तसाच आहे. बाबा म्हणतात, राहू दे, रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये त्यावरूनच आपली गाडी ओळखू येते.