आठ महिने स्कॉट फौज खेळवल्यावर

टेबलावर छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या मध्ययुगीन लढाईच्या खेळासाठी ऑक्टोबरात ही स्कॉटलंडची फौज घेतली, आता जून आहे. मधे पंचवीसेक डाव झाले, त्यातले निम्म्याहून जास्त हरलो. हरण्याचं काही नाही, स्कॉट लोकही पुष्कळदा हरले. माझं दुखणं आहे ते कसं हरलो याचं.

आमच्या नियमपुस्तकात भालाइतांचं शिल्ट्रन, म्हणजे भाले बाहेर रोखलेलं दाट कडं, एकदा रचलं की जागचं हलत नाही. घोडदळाला ते फुटत नाही आणि बाणांनी मात्र गळत जातं. २२ जुलै १२९८ चं फॉलकर्क हुबेहूब असंच होतं. स्कॉट सेनानी वॉलेसची चार कडी उभी, घोडेस्वार निघून गेलेले, मधले धनुर्धर कापले गेलेले. मग इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या तिरंदाजांनी भगदाडं पाडली आणि त्यातून घोडी आत घुसली. त्या एका दुपारपुरता नियम चोख. पण यादी (कोणत्या फौजेत काय घ्यायचं आणि ते कसं लढतं हे सांगणारी) म्हणते, पुढची नव्वद वर्षंही हेच! १३१४ साली बॅनॉकबर्नला स्कॉट राजा ब्रूसचे भालाईत झाडीतून निघून चालत पुढे आले आणि ओहोळांच्या बेचक्यात अडकलेल्या इंग्रजांना रेटत गेले. माझ्या यादीत ते संध्याकाळपर्यंत झाडीतच उभे राहिले असते. उलट १३३३ मध्ये हॅलिडन हिलला दलदल तुडवत, बाण झेलत टेकडी चढले आणि तिथे चालले म्हणूनच मेले.

जानेवारीत घरचा नियम केला. ठोकळा करून चालायचं, तेव्हा भाले फक्त समोर. कडं केलं की चारी बाजूंनी, पण मग हलायचं नाही. एकातून दुसऱ्यात जायला एक अख्खी पाळी. एवढ्याने डाव बदलला. बाजू सांभाळायची धास्ती आली, आणि तोवर डब्यात पडून असलेले हलके घोडेस्वार कामाला लागले. बॅनॉकबर्नला ब्रूसच्या रॉबर्ट कीथने सुमारे ५०० अशाच स्वारांनी इंग्रज तिरंदाज उधळले होते. त्यांचं तेवढं एकच काम; चिलखती नाइटांच्या अंगावर घातले तर वाया जातात. दोनदा घालून पाहिले.

आता मिनिएचर, म्हणजे त्या बाहुल्या. ओतकाम सुबक आहे, चेहऱ्यांवर राग दिसतो. पण निम्मे गडी घोळदार किल्टमध्ये, तोंडाला निळा रंग, हातात दोन्ही हातांनी धरायची तलवार! तसा किल्ट सोळाव्या शतकाच्या अखेरचा, निळा रंग पिक्ट या तिथल्या जुन्या लोकांच्या नावावरचा, हजारेक वर्षं आधीचा. भाले धरणारे बहुतेक जण सखल भागातले शेतकरी होते. ब्रूसचा १३१८ चा कायदा सरळ सांगतो: १० पौंडांची चीजवस्तू असलेल्याकडे भरीव शिवलेला अंगरखा, शिरस्त्राण, पत्र्याचे हातमोजे, भाला आणि तलवार हवी, एका गाईइतकीच ऐपत असेल तर चांगला भाला, नाहीतर धनुष्य आणि २४ बाण. तो अंगरखा म्हणजे आपली गोधडी अंगाला बेतून शिवल्यासारखा. करडा, तपकिरी, मळकट पांढरा एवढ्या रंगांत काम भागतं. मी सुरुवातीला हौसेने चौकटी रंगवल्या, तेव्हा बायको म्हणाली, "एकाच ठाणातून कापलंय का सगळ्यांना?" सगळं खरवडून पुन्हा रंगवलं.

याच कायद्यामुळे यादीतली धनुर्धरांची एक तुकडी मला कमी वाटते, मी दोन घेतो. समोरचा कुरकुरतो, पण गाईचा हिशोब दाखवला की गप्प होतो.

भाले प्लास्टिकचे आहेत, महिन्याभरात केळीच्या पानासारखे वाकतात. पोलादी तार कापून बसवा. टोकं घासायला विसरू नका, माझी बोटं अजून सोलवटलेली आहेत. तार लावल्यावर एक बेस (गडी ज्यावर उभे असतात ती पट्टी) दुसऱ्याला नीट चिकटत नाही, मागची रांग अर्धा सेंटिमीटर मागे सरकवावी लागते.

याद्या आहेत तशा वापरणार असाल तर फक्त फॉलकर्क खेळा, पैसे वसूल. बाकीच्या लढायांसाठी पेन्सिल हाताशी ठेवा.

किल्टवाले सगळे गडी मी एका मित्राला देऊन टाकले, त्याला सोळाव्या शतकातली टोळी उभी करायची होती. त्याच्याकडून बदल्यात तारेचं भेंडोळं आणलंय.