सायकियाट्रिस्टची पहिली अपॉइंटमेंट: एकटं जावं की कुणाला सोबत न्यावं?

अपॉइंटमेंट मिळाली की लगेच हा प्रश्न पडतो आणि सल्ले मिळतात ते पार दोन टोकांचे, एक जण सांगतो घरचं कुणी नकोच, दुसरा म्हणतो एकटी जाऊच नकोस. मी पहिल्यांदा एकटी गेले होते आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे बहिणीला घेऊन, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

एकटं गेल्यावर मोकळं बोलता येतं, हे खरंच मोठं आहे. दारू, सिगरेट, गांजा, सेक्समधल्या अडचणी (त्या डिप्रेशनने पण येतात आणि काही गोळ्यांनी पण, म्हणून लाज वाटली तरी सांगायच्याच), लहानपणी घडलेलं काहीतरी, जगणं नकोसं वाटणं, हे सगळं आई किंवा नवरा बाजूच्या खुर्चीत असताना तोंडातून निघत नाही. निघालंच तर अर्धं निघतं. मी पहिल्या भेटीत मरणाच्या विचारांबद्दल सरळ बोलले ते फक्त खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून. आणि त्रास देणारा माणूस घरातलाच असेल, मारहाण असेल, धाक असेल, तर यात तुलना करायचीच गरज नाही, त्याला सोबत नेऊ नका. तुमचं बोलणं डॉक्टर घरी कळवत बसत नाहीत, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, आणि ही हद्द नेमकी कुठे आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या, त्यांना राग येत नाही.

आता सोबतीचं. ही बाजू लोक हलक्यात घेतात असं माझं मत आहे. धीर मिळतो, रस्त्यात हात धरायला कुणी असतं, ते आहेच, पण खरा उपयोग माहितीचा आहे. कारण काही गोष्टी आपल्याला स्वतःला दिसतच नाहीत. मला पहिल्या डॉक्टरांनी विचारलं होतं की झोप कमी पण एनर्जी भरपूर, असे दिवस कधी आलेत का, मी नाही म्हटलं आणि मनापासून म्हटलं, कारण ते दिवस माझ्या डोक्यात "बरे दिवस" म्हणून जमा होते! पुढच्या वेळी हाच प्रश्न आला तेव्हा बहीण म्हणाली, अगं त्या उन्हाळ्यात तू आठवडाभर तीन तास झोपत होतीस, तीन कोर्सचे पैसे भरलेस, रात्री दोनला फोन करून प्लॅन सांगायचीस. तिथून उपचारांची दिशाच बदलली. बायपोलरमध्ये (मूड काही काळ खूप चढतो, काही काळ पार खचतो तो आजार) माणूस बहुतेक वेळा खचलेला असतानाच डॉक्टरकडे जातो, चढत्या मूडचं कुणी बोलत नाही, मग ते साधं डिप्रेशन समजलं जातं, आणि नुसत्या अँटीडिप्रेसंटने (डिप्रेशनच्या गोळीने) काही जणांचा मूड उलटा उसळतो. म्हणून हा एकच प्रश्न नीट सुटला तरी सोबतीचं सार्थक झालं.

एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चंचलपणा) शंका असेल तरी तेच, कारण लक्षणं वय १२ च्या आधीपासून होती का हे बघतात आणि ते आईवडील किंवा मोठं भावंडच सांगू शकतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं, आणि दिवसभराचा थकवा, चिडचिड त्यामुळेही असू शकते. विसरभोळेपणा, संशय, आवाज ऐकू येणं यातही घरच्यांचं ऐकणं लागतंच. उलट पॅनिक अटॅक, साधी अँग्झायटी, ब्रेकअप, कामाचा ताण असेल तर एकटं गेलात म्हणून फार काही बिघडत नाही, तुम्हाला सगळं ठाऊक असतं.

सोबतीचा तोटा म्हणजे सोबतचा माणूसच बोलत सुटतो. "हिला काही नाही हो, मोबाइल जास्त वापरते" असं कुणी म्हणणार असेल तर ते माणूस नको, त्यापेक्षा रूममेट बरी.

मला विचाराल तर मधला मार्ग घ्या. सोबत न्या, पण आधी आत एकट्याने जा, आणि शेवटची दहा मिनिटं त्यांना आत बोलवा. हे खोलीत शिरतानाच डॉक्टरांना सांगायचं, "मला आधी एकटीला बोलायचंय", पुढचं ते सांभाळतात. पहिली भेट बऱ्याचदा ४५ मिनिटं ते तासभर चालते, पुढच्या छोट्या असतात, त्यामुळे ही विभागणी पहिल्याच वेळी जमते. सोबतच्याला काय सांगायचं नाही हेही घरून निघतानाच बोलून घ्या, मी बहिणीला एक विषय काढू नको म्हटलं होतं आणि तिने नाही काढला.

एकटं जाणार असाल तर कागद हवाच, डोक्यावर भरवसा नको, तिथे रडू आलं की सगळं पुसलं जातं. शेवटच्या दोन आठवड्यांची झोप, भूक, मूड रोज एकेक ओळ लिहा, कारण डिप्रेशनच्या प्रश्नावल्या (पीएचक्यू-९ वगैरे) मागच्या दोन आठवड्यांचंच विचारतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोससकट लिहा, स्टेरॉइड, थायरॉइडची, आयुर्वेदिक, सगळ्या. जुने थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट असतील तर घ्या. नात्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली का, कुणाला कुठली गोळी लागू पडली, हे फोन करून विचारून ठेवा, एवढी एक गोष्ट मात्र एकटं जाणाऱ्यालाही घरच्यांकडूनच घ्यावी लागते. डिप्रेशनची गोळी सुरू झाली तर असर दिसायला साधारण २ ते ४ आठवडे, पूर्ण फरकाला ६ ते ८, मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्या काही दिवसांतच येते, तर कुठल्या त्रासासाठी फोन करायचा हा प्रश्नही त्याच कागदावर असू द्या.

आणि मरायचं कसं, कधी हे मनात ठरायला लागलं असेल तर मग हे एकटं की सोबत बाजूला ठेवा आणि अपॉइंटमेंटच्या तारखेचीही वाट बघू नका, जे माणूस आत्ता जवळ आहे त्याला सांगून आजच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.